दोन जिवांची गाडी

पंचवटीतून जुन्या नाशकात जायचं तर मालेगाव स्टँडपासून उतार लागतो, मग होळकर पूल येतो आणि पूल ओलांडला की रविवार कारंज्यापर्यंत चढ. पायी जाणाऱ्याला हा चढ जाणवतही नाही, बोलता बोलता माणूस वर पोचतो. पण पंचाहत्तर सालच्या सुमाराला रंगनाथ पगारे त्या चढावर रोज सकाळी घामाघूम व्हायचा. सायकलच्या कॅरिअरवर त्याची बायको चांगुणा बसलेली असायची, तिच्या कुबड्या सायकलच्या नळीला बांधलेल्या असायच्या, आणि रंगनाथ खाली उतरून एक हात हँडलवर, एक हात सीटवर ठेवून सगळा भार वर ढकलायचा. कारंज्यावर पोचला की तो थांबायचा. दम लागलाय हे दिसू नये म्हणून इकडंतिकडं बघत म्हणायचा, "आज मेथी ताजी दिसतेय." मेथीकडं त्याचं लक्ष नसतं, हे चांगुणाला पक्कं ठाऊक होतं.

चांगुणा मूळची येवल्याची. आई पैठणीवाल्यांसाठी घरबसल्या रेशीम उकलून द्यायची. त्या धाग्यांच्या गुंत्यात वाढलेली ही मुलगी शिकून प्राथमिक शिक्षिका झाली आणि भद्रकालीकडच्या एका गल्लीतल्या नगरपालिकेच्या शाळेत लागली. रंगनाथचं आग्रा रोडवर छोटंसं दुकान होतं. ट्रकचे डायनॅमो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्त करायचे, बॅटऱ्या चार्ज करून द्यायच्या. ॲसिडने त्याच्या सगळ्या शर्टांना बारीक भोकं पडलेली असत. लग्न ठरवायला गेला तेव्हाही बाहीवर असंच एक भोक होतं, आणि तो ते सारखं मुठीत लपवत होता. चांगुणाने त्याला हो म्हटलं ते बहुतेक त्या लपवण्यामुळंच, असं ती पुढं कधीतरी हसून सांगायची.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिची पाठ दुखायला लागली. आधी शेक, मग तेल, मग मलम. पाय जड पडायला लागले तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याचा क्षय होता. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून तिला किती तरी महिने आडवं ठेवलं. रोजचं इंजेक्शन, गोळ्या, आणि छताचे पत्रे बघत पडून राहणं. सासू भिमाबाई विंचूरला कांद्याच्या बाजारात निवडणीला जायची, ती काम सोडून पेठ नाक्याजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली. सुनेला भरवण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं तिने केलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की जीव वाचला, पायातलं बळ मात्र अर्धंमुर्धंच परत येईल आणि मूल होऊ देणं या पाठीला झेपायचं नाही, तेव्हा एका संध्याकाळी ती चुलीपाशी मुलाला म्हणाली,

"रंगा, दुसरी बघ. हिला टाकू नको, हिचं बी मी करीन मरेस्तोवर. पन घराला लेकरू पायजे."

मधे फक्त पत्र्याची भिंत होती. चांगुणा डोळे मिटून पडली होती. रंगनाथ काय बोलतो त्याची तिने वाट पाहिली. मग तो म्हणाला, "आई, भाकरी करपतेय."

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पण ती बोललेली वाक्यं चांगुणाच्या कानांतून गेली नाहीत.

कुबड्यांवर उभं राहता यायला लागलं तशी ती नोकरीवर परतली. शाळेच्या मोठ्या बाई लताबाई होत्या. त्यांनी तिला तळमजल्यावरचा पहिलीचा वर्ग दिला, बसायला हाताची खुर्ची दिली. प्रश्न राहिला तो फक्त जाण्यायेण्याचा. रिक्षा रोजची परवडण्यासारखी नव्हती, म्हणून मग सायकल आणि तो चढ. रंगनाथला दुकान उघडायला उशीर व्हायचा, ट्रकवाले दुसरीकडं जायचे. वर्षभराने त्याच्या गुडघ्यातून कटकट आवाज यायला लागला, तेव्हा चांगुणा म्हणाली, "हे असं जन्मभर चालायचं नाही. मला माझी मी जाता आलं पाहिजे."

एका धर्मादाय संस्थेकडून हाताने फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली. सपाट रस्त्यावर ती बरी चालायची. पुलापलीकडच्या चढावर मात्र हात फिरवताना पाठीच्या त्याच जागेतून कळ निघायची, आणि डॉक्टरांनी नेमकी तीच जागा जपायला सांगितली होती. मग रंगनाथने भंगारातून एका जुन्या मोपेडचं इंजिन आणलं आणि मागच्या एका चाकाला साखळीने जोडलं. हाताने ओढायचा दांडा बसवला, तो ओढला की इंजिन सुरू. चार दिवस मोठं कौतुक झालं. पण ते इंजिन दोन चाकं आणि एक माणूस एवढ्यासाठीच बनलेलं. तीन चाकं, लोखंडी सांगाडा, वर चांगुणा आणि तिची वह्यांची पिशवी एवढं घेऊन चढावर ते धापा टाकायचं, तापायचं आणि कारंज्याच्या अलीकडं हमखास बंद पडायचं. शिवाय शाळेच्या बोळात त्याचा आवाज असा घुमायचा की सगळी शाळा पाढे सोडून खिडकीशी यायची. लताबाई काही म्हणाल्या नाहीत, फक्त खिडक्या लावून घ्यायच्या. चांगुणाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

तोडगा रंगनाथला दुकानातच सापडला. एका मोडीत निघालेल्या ट्रकचा डायनॅमो त्याने बाकावर बसवून तपासायला बॅटरीला जोडला, तो गरागरा फिरायला लागला. हे काही त्याला नवीन नव्हतं, डायनॅमो तपासायची ती रीतच होती. पण त्या दिवशी तो फिरणाऱ्या पुलीकडं बघत उभाच राहिला. घरी येऊन त्याने चांगुणाला समजावलं. चहाची बशी हातात उभी धरून ती चाकासारखी फिरवत तो म्हणाला,

"हे बघ. डायनॅमोला आपण फिरवलं, तर तो वीज देतो, बॅटरी भरते. आणि त्याच डायनॅमोला बॅटरीने वीज दिली, तर तो स्वतः फिरतो. मागच्या एका चाकाला इंजिन आहेच. दुसऱ्या चाकाला पट्ट्याने हा डायनॅमो जोडायचा. मालेगाव स्टँडच्या उतारावर चाक त्याला फिरवेल, बॅटरी भरेल. पुलापलीकडच्या चढावर तो चाकाला फिरवेल, इंजिनाला हात मिळेल."

"म्हणजे उतारावर कमवायचं आणि चढावर खर्चायचं," चांगुणा म्हणाली.

"उतारावर मिळतं ते सगळं चढाला पुरायचं नाही. मधेमधे गळती असते. बाकीचं सपाट रस्त्यावर इंजिनाकडून घ्यायचं. सपाटीला इंजिनाला तसं काम कमीच असतं, तेवढ्यात थोडी बॅटरीही भरून घेता येते."

दोन महिने तो दुकान बंद करून झाल्यावर त्या गाडीला लागायचा. बसायच्या फळीखाली ट्रकची बॅटरी ठेवली, वजन मधोमध यावं म्हणून तीनदा जागा बदलली. हँडलपाशी एक गोल मीटर लावलं. काटा उजवीकडं गेला की बॅटरी भरतेय, डावीकडं गेला की रिकामी होतेय. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे त्याने एक स्प्रिंगचा खटका बनवला होता. गाडीचा वेग पडला की खटका आपोआप बॅटरीची वीज डायनॅमोला द्यायचा, वेग वाढला की उलट डायनॅमोकडून बॅटरी भरून घ्यायचा.

"इंजिन दमलं की बॅटरी आपणहून हात देईल," तो म्हणाला. "तुला काही बघायलाच नको. तू नुसतं बसायचं."

पहिल्या सोमवारी चांगुणा एकटी निघाली. पंचवटी कारंज्यापाशी बाजाराची गर्दी होती. एका हातगाडीने वाट अडवली, पुढं रिक्षा आडवी झाली, देवळाकडून निघालेली एक गाय रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दर वेळी गाडीचा वेग पडला, दर वेळी खटका जोडला गेला आणि काटा डावीकडं झुकला. उतारावर थोडंफार भरलं गेलं, पण पूल ओलांडून ती चढाला लागली तेव्हा अर्ध्या वाटेतच डायनॅमो मंदावला, त्याचं ओझं इंजिनावर आलं आणि इंजिनही थांबलं. गाडी क्षणभर जागच्या जागी थबकली, आणि मग मागं सरकायला लागली. हातातला ब्रेक ओढूनही पुरेना. मागून टांगा येत होता. कडेला भाजी घेऊन बसलेल्या एका बाईने पुढं होऊन आपली वांग्याची पाटीच चाकामागं सारली. गाडी पाटीवर चढली आणि अडली. वांगी रस्त्याभर झाली. चांगुणा हँडल घट्ट धरून बसून राहिली, तिला उतरून एक वांगंही उचलता येत नव्हतं.

संध्याकाळी रंगनाथने हे ऐकलं. त्याने सरळ पाने घेतले आणि पट्टा सोडवायला बसला.

"बास. उद्यापासून सायकलवर. मीच नेणार."

"गाडी मोडू नका."

"चांगुणा, मागून टांग्याऐवजी ट्रक असता म्हणजे?"

"असता तर असता. माझं ऐकाल का जरा?" ती भिंतीला टेकून बसली होती. तिने अख्खा दिवस याच गोष्टीचा विचार केला होता, मुलांना अक्षरं गिरवायला देऊनसुद्धा. "तुमची गाडी चांगली आहे. पण तिला चढ आणि गाय यांतला फरक कळत नाही. दोन्हींसमोर तिचा वेग पडतो, दोन्हींसमोर ती सारखीच बॅटरी उधळते. मला तो फरक कळतो. गाय हलेपर्यंत थांबलं तरी चालतं, चढावर थांबून चालत नाही. खटका माझ्या हातात द्या."

"तुला सगळीकडं बघायला लागेल. रस्ता, ब्रेक, काटा…"

"बघेन की. पहिलीतली पन्नास पोरं बघते मी रोज."

दोन दिवस तो तिच्याशी नीट बोलला नाही. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि हे तिला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने पाहिलं, तर गाडीच्या उजव्या बाजूला, तिचा हात सहज पोचेल अशा ठिकाणी, लाकडी मुठीचा एक दांडा बसवलेला होता. मागं ओढला की बॅटरी भरायची, पुढं ढकलला की खर्च, मधे ठेवला की डायनॅमो मोकळा. मूठ त्याने काचकागदाने घासून गुळगुळीत केली होती. आणि चाकाला मागं फिरू न देणारी एक लोखंडी खीळही लावली होती.

तपोवनाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी रविवारी सराव सुरू झाला. तो शेजारून सायकल चालवायचा आणि ती काट्यावर नजर ठेवून दांडा मागंपुढं करायची. हळूहळू तिला काटा न बघताही कळायला लागलं. भरताना डायनॅमो भारदस्त घुमतो, रिकाम्या होत आलेल्या बॅटरीवर त्याचा आवाज पातळ होतो. तिने आपले काही नेम ठरवले. सकाळी निघताना बॅटरीला हात लावायचा नाही, इंजिन गरम होऊ द्यायचं. बाजारात दांडा मधे. मालेगाव स्टँडच्या उतारावर दांडा मागं, म्हणजे ब्रेकलाही आराम आणि बॅटरीलाही खुराक. पुलावर इंजिन एका संथ लयीत, ना जास्त ना कमी. चढ सुरू व्हायच्या जरा आधीच दांडा पुढं, कारण इंजिन दमल्यावर दिलेली मदत फुकट जाते, दमायच्या आधी दिलेली कामी येते. आणि शाळेच्या बोळाच्या तोंडाशी इंजिन बंद करून नुसत्या बॅटरीवर आत शिरायचं, निःशब्द. लताबाईंनी खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. पहिलीच्या पोरांना बाई कधी आल्या ते कळेनासं झालं आणि त्यांची फजिती व्हायला लागली.

बॅटरी कधीही पार निपटू द्यायची नाही, हा नियम मात्र रंगनाथचा. "पार रिकामी केली की तिच्या प्लेटा बसतात, मग ती भरत नाही. निम्मी ठेवूनच घरी यायचं." ती तसंच यायची. आल्यावर तो बॅटरीची बुचं काढून पाणी बघायचा, आणि पाणी बघता बघता तिच्याकडंही बघून घ्यायचा, चेहरा ओढलेला तर नाही ना म्हणून.

वस्तीत या गाडीला नाव पडलं ते रंगनाथच्याच बोलण्यामुळं. कुणी विचारलं की तो सांगायचा, "हिला दोन जीव आहेत. एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा." एकदा नळावर भागीबाई म्हणाली, "काय गं चांगुणा, तुझी गाडी दोन जिवांची हाय म्हणे. कितवा लागला?" बायका खळखळून हसल्या. भागीबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, पण बोलून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. नळाखालची घागर भरून वाहायला लागली तरी कुणी ती काढेना. चांगुणाने कुबडी सावरली आणि म्हणाली, "पहिलटकरीण आहे. जपायला लागतं." मग मात्र सगळ्या जणी मोकळेपणी हसल्या. घरी आल्यावर ती बराच वेळ दाराकडं पाठ करून बसली होती. पण नाव राहिलं, आणि वर्गातल्या पोरांना तीच सांगायला लागली, "माझी गाडी दोन जिवांची आहे, तिला धक्काबुक्की करायची नाही."

एका माणसाने त्या गाडीला कधी हात लावला नाही. भिमाबाई. "मी त्या फटफटीत बसायची नाय," असं तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि ती बसली नाही. सून शाळेतून यायच्या वेळी ओट्यावर येऊन उभी राहायची, गाडी दिसली की आत जाऊन चहा टाकायची, एवढंच. वर्षं गेली तसे तिचेही गुडघे धरले. बाजार बंद झाला, विहारात जाणं बंद झालं.

ब्याऐंशीच्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतून एक ट्रक त्रिरश्मी लेण्यांकडं निघाला होता. भिमाबाई पहाटे अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून तयार होती. सगळे चढले. तिला मात्र ट्रकच्या फाळक्यावर पाय टाकता येईना. दोघांनी धरलं, वर कुणी ओढलं, गुडघ्यातून अशी कळ गेली की ती मट्कन खालीच बसली. लाउडस्पीकर आणि त्याची बॅटरी रंगनाथच्या ताब्यात, त्याला जाणं भागच होतं. तीच म्हणाली, "जा बाबा तू. माझं काय, घरूनबी हात जोडता येतात." ट्रक गेला. भिमाबाई ओट्यावर बसून राहिली. लुगडं बदलायलाही आत गेली नाही.

चांगुणाने थोडा वेळ वाट पाहिली. मग कुबड्या घेऊन बाहेर आली, गाडीवरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "आत्याबाई, चला. मी नेते."

"तुझी फटफटी एका मानसाची."

"दोन जिवांची आहे. सगळी वस्ती म्हणते."

सासूने तिच्याकडं पाहिलं. मग ती ओट्यावरून उठली. चांगुणाने फळीवर आपल्या डाव्या हाताला गोधडी घालून तिला दाटीवाटीने बसवलं. गाडी टायरांवर चांगलीच दबली.

शाळेच्या रस्त्याचा कण न् कण चांगुणाला पाठ होता. हा रस्ता मात्र नवा, लांबचा, आणि वजन दुप्पट. आग्रा रोडला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की द्वारका चौकापासून पुढं रस्ता दिसायला सपाट असला तरी हळूहळू चढतोच आहे. अशा चढाचा धोका वेगळा. तो एकदम झटका देत नाही, थेंबाथेंबाने बॅटरी पिऊन टाकतो. तिने दांडा शक्यतो मधेच ठेवला, वेग कमी केला आणि इंजिनाला त्याच्या चालीने जाऊ दिलं. मागून ट्रक भोंगे वाजवत येत होते, वैशाखाचं ऊन मीटरच्या काचेवर पडून काटा दिसत नव्हता, आणि तिला रस्त्यावरची नजर काढता येत नव्हती.

"आत्याबाई, वाकून बघा जरा. त्या गोल काचेत काटा आहे. कुठं आहे तो?"

भिमाबाईने पदराची सावली काचेवर धरली. "मधी हाय."

"डावीकडं गेला की सांगा."

भिमाबाईने हे काम इतक्या मनावर घेतलं की मुंबई नाक्यापर्यंत तिने मान वर केली नाही. "मधी हाय. मधीच हाय. आता जरासा डावीकडं सरला. तू काय केलंस? परत मधी आला बघ." एका वडाखाली चांगुणाने इंजिन थंड व्हायला गाडी थांबवली. दोघी बाटलीतलं पाणी प्यायल्या. भिमाबाईने विचारलं, "डावीकडं गेला म्हंजे काय व्हतं?"

"साठवलेलं खर्च होतं."

"आन् उजवीकडं?"

"पुन्हा भरतं."

भिमाबाईने इंजिनावर तळहात धरून पाहिला, तव्यावर धरतात तसा. "अजून तापलेलं हाय. बस जरा." आणि मग म्हणाली, "रोज अशीच जातीस व्हय एकटी?"

"रोज."

लेण्यांच्या फाट्यापाशी खरा चढ आला. चांगुणाने चढाच्या अलीकडंच दांडा पुढं ढकलला. "गेला, गेला डावीकडं," भिमाबाई म्हणाली. "जाऊ द्या," चांगुणा म्हणाली, "आता जायलाच पाहिजे." इंजिन आणि बॅटरी दोघं मिळून त्या दोघींना वर घेऊन गेली, जोराने नाही, पण कुठंही न अडखळता. पायऱ्यांच्या तोंडाशी पिंपळाच्या सावलीत गाडी थांबली.

पुढं पायऱ्याच होत्या. भिमाबाईचे गुडघे त्या चढायचे नव्हते आणि चांगुणाचे पायही नाहीत. वर लेण्यांत लोकांचा पांढरा ओघ दिसत होता, लाउडस्पीकरवरून त्रिशरण ऐकू येत होतं. दोघींनी गाडीतच बसून हात जोडले. भिमाबाईला पंचशील पूर्ण येत नव्हतं, ती सुनेच्या मागोमाग म्हणत गेली. संपल्यावर तिने वाकून चांगुणाच्या पायांवर उन्हाची तिरीप पडत होती ती जागा पाहिली आणि आपल्या गोधडीचं टोक ओढून त्यावर घातलं.

खाली उतरणाऱ्या बायकांपैकी विंचूरची एक ओळखीची निघाली. नवसाबाई. ती थबकून गाडीकडं बघत राहिली. "भिमे, तू कशी आलीस गं? अन् ही कोण?"

"माझी सून," भिमाबाई म्हणाली. "मास्तरीण हाय. हिनं आनलं मला."

चांगुणाने मान खाली घालून दांड्याची मूठ पदराने पुसली. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

रंगनाथ वरून केबलची गुंडाळी खांद्यावर घेऊन उतरला आणि त्याला त्या दोघी दिसल्या तेव्हा तो शेवटच्या चार पायऱ्या जवळजवळ धावतच आला. त्याने सवयीने वाकून बॅटरीला हात लावून पाहिला, दांडा थोडासा पुढं करून डायनॅमोचा आवाज ऐकला.

"निम्म्याहून जास्त आहे की," तो म्हणाला.

"परत जायचंय ना."

"हा चढ? दोघी? कसं जमवलंस?"

"आत्याबाई काटा बघत होत्या."

"म्या बघत व्हते," भिमाबाई म्हणाली.

परतीला ती ट्रकपाशी गेलीच नाही. त्यानंतर चार वर्षं ती जगली. सुट्टीच्या दिवशी दुपारी चांगुणा तिला कधी होळकर पुलापाशी गंगेवर, कधी विहारात, कधी नुसतीच पंचवटीत फिरवून आणायची. काट्यावरचं आपलं काम तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. दिसायला कमी झाल्यावर ती आवाजावरून सांगायची, आणि बहुतेक बरोबर सांगायची.

ती गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मखमलाबादकडची सरुबाई त्यांच्याकडं आली. झेंडू-शेवंती लावणाऱ्या कुटुंबातली, पन्नाशीची बाई. विहिरीवरच्या पंपाच्या पट्ट्यात सापडून एक पाय गुडघ्याखाली गेला होता. फुलांच्या पाट्या मुलगा सायकलवर नेतो, पण बाजारात बसणं, गिऱ्हाईक सांभाळणं, ते तिचं होतं आणि तेच सुटलं होतं. कुणीतरी तिला या गाडीबद्दल सांगितलं होतं. रंगनाथने तिच्यासाठी दुसरी गाडी केली. या वेळी त्याने स्प्रिंगच्या खटक्याचं नावही काढलं नाही, सरळ दांडा बसवला. फक्त मागं फुलांच्या पाट्यांसाठी कठडा जास्तीचा.

शिकवायचं काम चांगुणाचं. तपोवनाच्या बाजूच्या रस्त्यावर सरुबाईला बसवून तिने पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या घरापासून बाजारापर्यंत रस्ता कसा आहे? चढ कुठं, उतार कुठं?"

सरुबाई गोंधळली. "सपाटच हाय की वो बाई. जलमभर डोईवर पाटी घेऊन चालले त्यावर."

"पाटी घेतल्यावर कुठं दम लागायचा?"

सरुबाईने डोळे मिटले. ओठ हलायला लागले, जणू ती मनातल्या मनात घरातून निघाली होती. "वाडीच्या पाटापाशी," ती हळूच म्हणाली. "तितं थांबायची म्या. मग मारुतीपासनं पुढं बरं वाटायचं, पाय आपसूक पडायचे."

"मग पाट येण्याआधी दांडा पुढं. मारुतीपासून मागं."

आधी नुसत्या बॅटरीवर चालवायला लावलं, म्हणजे चाकांचा आवाज कानात बसावा. सरुबाईने दांडा पुढं केला. गाडी आवाज न करता हलली, आणि तिने दचकून मागं वळून पाहिलं, कुणी ढकलतंय का म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग ती पुढं बघायला लागली. त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि थांबायचं सोडून पुन्हा वळली.

"बॅटरी उतरेल तिची," रंगनाथ म्हणाला.

"अजून आहे," चांगुणा म्हणाली. ती कुबड्यांवर रेलून कान देऊन ऐकत होती. "जाऊ द्या तिला आणखी एकदा."